स्टेनलेस नळीची सफाई किती करावी आणि कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण स्टेनलेस स्टीलच्या नळीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली आणि ही नळी गंजत नाही असे घेताना आपल्याला सांगण्यात आले. तरीही नळीच्या तोंडाजवळ आणि दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर बारीक तपकिरी ठिपके दिसू लागले आहेत; आपण ते स्टील वूलने घासून काढता आणि थोड्या दिवसांनी ते पुन्हा उमटतात. दुसरीकडे, प्रत्येक सरावानंतर चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत आपण नळी आतून घासता, सोयीचे पडते म्हणून सळई तोंडाच्या बाजूने घालता, आणि एवढे करूनही ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर एकत्र पडणाऱ्या गोळ्यांचे पुंजके, पूर्वीपेक्षा मोठे पडत आहेत. सफाई आणखी वाढवावी की स्टेनलेस आहे म्हणून सोडूनच द्यावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते येथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही. गंज हा ओलावा आणि क्षार यांचा प्रश्न आहे. त्याला तत्परता लागते आणि ती प्रत्येक वेळी लागते. नळीच्या आतला मळ हा दारूची काजळी, गोळीच्या आवरणाचे तांबे आणि शिसे यांचा प्रश्न आहे. त्याला संयम लागतो. आपल्या वर्णनावरून असे दिसते की जिथे तत्परता हवी त्या बाहेरच्या बाजूकडे आपण स्टेनलेस म्हणून निर्धास्तपणे पाहता, आणि जिथे हात आखडता घ्यायला हवा त्या आतल्या बाजूवर मात्र सगळी मेहनत ओतता.

पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. काडतूस कोणते, गोळीचा वेग किती, नळीचा आतला पृष्ठभाग हाताने लॅप केलेला, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला आहे की कारखान्यातून आला तसाच आहे, आपण एका बैठकीत किती राउंड झाडता आणि हवा किती दमट आहे, यांवर सफाईचे वेळापत्रक ठरते. एकाच कारखान्यातल्या एकाच मॉडेलच्या दोन नळ्यासुद्धा तांबे धरण्याच्या बाबतीत अगदी वेगळ्या वागू शकतात. म्हणून मी आकड्यांपेक्षा कारणे सांगण्यावर भर देतो.

प्रथम धातूविषयी. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली शेफिल्ड येथे क्रोमियमयुक्त पोलाद ओतले तेव्हा ते बंदुकांच्या नळ्या आतून झिजतात कशा, याच प्रश्नावर काम करत होते. त्यामुळे बंदुकीची नळी आणि न गंजणारे पोलाद यांचे नाते सुरुवातीपासूनचे आहे. पण आज अचूक रायफलींच्या नळ्यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे स्टेनलेस, म्हणजे ४१६ या जातीचे पोलाद, भांड्यांच्या स्टेनलेसपेक्षा बरेच वेगळे आहे. भांड्यांच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ४१६ मध्ये क्रोमियम सुमारे १२ ते १३ टक्के असते, निकेल जवळजवळ नसते, आणि नळीला लांब, सरळ भोक पाडणे व गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा कोरणे सोपे जावे म्हणून त्यात मुद्दाम गंधक मिसळलेले असते. हे गंधक यंत्रकामाला जितके उपकारक, तितकेच गंजरोधकतेला मारक ठरते. आपल्या नळीला लोहचुंबक लावून पाहा. तो घट्ट चिकटेल. तेवढ्यावरूनही हे पोलाद भांड्यांच्या नेहमीच्या पोलादाच्या कुळातले नाही हे कळते.

स्टेनलेसचे रक्षण करतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर. तो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा तयार होतो, आणि म्हणूनच साध्या पोलादापेक्षा ही नळी निष्काळजीपणा अधिक काळ सहन करते. मात्र क्लोराइड, म्हणजे घाम, समुद्राची हवा आणि काही प्राइमरच्या (काडतुसातली दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) अवशेषांतले क्षार, हा थर जागोजागी भेदतात. जिथे ओलावा अडकून राहतो आणि हवा खेळत नाही तिथे तो थर नीट सांधलाही जात नाही. साध्या पोलादावर गंज पसरतो आणि लगेच नजरेत भरतो. स्टेनलेसवर तो एखाद्या बिंदूपाशी खोल शिरतो आणि वरून फक्त टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. दस्त्याखालचे आपले ठिपके नेमके याच जातीचे असावेत असे मला वाटते, कारण तो भाग आपण पुसत नाही, तिथला ओलावा लवकर वाळत नाही, आणि रायफल हाताळताना घामट बोटे नळीच्या कडेने तिथपर्यंत जातात.

तोंडाजवळच्या ठिपक्यांना आणखी एक कारण असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते म्हणजे आपले स्टील वूल. साध्या पोलादाच्या तारेने स्टेनलेस घासले की त्या तारेचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुतून बसतात. ते कण गंजतात, आपल्याला नळी गंजली असे वाटते, आपण पुन्हा त्याच तारेने घासता आणि नवे कण रुतवता. हा फेरा थांबवण्यासाठी स्टील वूल आणि लोखंडी तारांचा ब्रश या रायफलीपासून कायमचे दूर ठेवा. ब्रॉन्झ वूल किंवा मऊ नायलॉनची घासणी घ्या, त्यावर पातळ तेलाचे दोन-चार थेंब टाका, आणि फक्त ठिपक्यापुरते, नळीच्या लांबीच्या दिशेने हलके घासा. नंतर त्या जागेवरून नख फिरवा. नख अडखळले नाही आणि डाग गेला, तर तो वरवरचा होता. नख अडकले तर खड्डा पडलेला आहे. तो घासून भरून निघणार नाही, पण स्वच्छ आणि तेलकट ठेवला तर वाढण्यापासून रोखता येतो. बाहेरच्या बाजूचे असे बारीक खड्डे नेमावर परिणाम करत नाहीत, एवढा दिलासा जरूर देतो. आपली नळी खरखरीत, मॅट फिनिशची असेल तर तिच्यावर ओलावा आणि घाम चकचकीत नळीपेक्षा अधिक काळ टिकतो, त्यामुळे ती अधिक वेळा पुसावी लागते.

ही पुसण्याची सवय मात्र प्रत्येक वेळी हवी. रायफल हाताळून झाली की तेलाने किंचित ओलसर केलेल्या सुती फडक्याने नळी, बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ आणि हाताचा स्पर्श झालेला प्रत्येक धातूचा भाग पुसून काढा. पाऊस लागला असेल तर नळीमागची बोल्ट बसणारी यंत्रणा, म्हणजे अ‍ॅक्शन दस्त्यातून बाहेर काढून आतली बाजू कोरडी करा आणि परत बसवताना स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवरच आवळा. थंड हवेतून रायफल उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरते. अशा वेळी ती बंद पेटीतच राहू द्या, तापमान सारखे झाले की बाहेर काढा आणि मगच पुसा. फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात ती महिनोन्‌महिने ठेवू नका. फोम ओलावा धरून ठेवतो, आणि चामडे कमावताना वापरलेले क्षार धातूला बाधतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या गंजलेल्या स्टेनलेस नळ्या बहुतेक वेळा वापराने खराब झालेल्या नसतात, तर ठेवण्याच्या पद्धतीने खराब झालेल्या असतात.

आता आतल्या बाजूकडे वळतो, कारण आपल्या ग्रुपचे कोडे तिथे आहे.

नळी आतून पूर्ण, म्हणजे धातू उघडा पडेपर्यंत साफ केली की पुढच्या काही गोळ्या वेगळ्या वागतात. खाचांच्या पृष्ठभागावर काजळीचा आणि तांब्याचा एक पातळ, सारखा थर बसतो तेव्हा घर्षण स्थिर होते आणि गोळ्यांचा वेगही स्थिरावतो. कोणत्या नळीला त्यासाठी दोन गोळ्या लागतात, कोणत्या नळीला दहा-पंधरा. आपण प्रत्येक सरावानंतर तो थर पूर्ण काढून टाकत असाल आणि पुढच्या वेळी पहिल्या गोळीपासून ग्रुप मोजत असाल, तर तो मोठा दिसणारच. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पुढच्या सफाईनंतर प्रत्येक गोळी कुठे लागली हे क्रमाने टिपून ठेवा. सुरुवातीच्या गोळ्या भरकटून नंतर ग्रुप आवळला गेला, तर नळी ठीक आहे आणि दोष सफाईच्या वेळापत्रकाचा आहे. शेवटपर्यंत ग्रुप आवळलाच नाही, तर आधी दुर्बिणीचे माउंट आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू सैल नाहीत ना ते तपासा, आणि त्यानंतर नळीच्या तोंडाकडे पाहा.

तोंडाचा उल्लेख मुद्दाम करतो. नळीचा क्राउन, म्हणजे खाचा जिथे संपतात ती कडा, हा गोळीला स्पर्श करणारा शेवटचा धातू असतो. गोळी बाहेर पडताना तिच्या बुडाशी वायू सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटायला हवा. कडा एका बाजूला झिजलेली असेल तर तिथून तो आधी सुटतो आणि गोळीला बाजूने धक्का बसतो. तोंडाच्या बाजूने घातलेली सळई नेमकी याच कडेवर घासते. त्यातही तुकडे जोडून होणारी अ‍ॅल्युमिनियमची सळई असेल तर जोडाची धार कडेला लागते, आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतलेले धुळीचे कठीण कण कानशीसारखे काम करतात. क्राउन तपासण्याची एक सोपी रीत आहे. कानात घालतात तसली कापसाची काडी घेऊन तिचा बोळा नळीच्या आतून बाहेर असा कडेवरून हळूच ओढा आणि हे पूर्ण वर्तुळभर करा. कुठे बारीकशीही बर, म्हणजे धातूची उठलेली धार, असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात. दुसरी खूण म्हणजे काही गोळ्या झाडल्यानंतर तोंडावर काजळीची जी चांदणीसारखी नक्षी उमटते ती पाहा. तिच्या पाकळ्या सर्व बाजूंनी सारख्या असतील तर क्राउन बहुधा निरोगी आहे.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत बोल्ट काढता येतो, त्यामुळे तोंडाकडून सळई घालण्याचे काहीच कारण नाही. मी ज्या क्रमाने सफाई करतो तो असा आहे. मॅगझिन काढावे, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, काडतुसे त्या खोलीतून बाहेर न्यावीत आणि मगच बोल्ट काढावा. रायफल अशा आधारावर ठेवावी की तोंड किंचित खाली राहील, म्हणजे सॉल्व्हंट (मळ विरघळवणारे द्रव) मागे अ‍ॅक्शनमध्ये आणि दस्त्याच्या बेडिंगमध्ये, म्हणजे ती जिथे बसते त्या खोबणीत, उतरणार नाही. बोल्टच्या जागी बोअर गाइड बसवावा. तो सळईला मधोमध धरतो आणि चेंबरच्या पुढचा थ्रोट, म्हणजे खाचा जिथे सुरू होतात तो भाग, घासला जाण्यापासून वाचवतो. सळई अखंड, प्लास्टिकचे आवरण असलेली किंवा कार्बन फायबरची, आणि कॅलिबरला साजेशी असावी. तिची मूठ फिरती असावी, म्हणजे चिंधी खाचांच्या पिळाबरोबर फिरते. प्रत्येक वेळी सळई पुसून मगच आत घालावी.

काजळीच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या दोन-तीन चिंध्या मागून पुढे न्याव्यात आणि तोंडाबाहेर आल्या की काढून टाकाव्यात. मळलेली चिंधी परत आत ओढू नये. मग बाटलीवर लिहिले असेल तेवढा वेळ थांबावे. हे थांबणे बहुतेकांना जमत नाही, पण खरे काम हातापेक्षा सॉल्व्हंट करतो. नंतर ब्रॉन्झ किंवा नायलॉनचा ब्रश आठ-दहा वेळा पूर्ण बाहेर निघेपर्यंत न्यावा. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये आणि मागे घेताना क्राउनवर आपटू देऊ नये. त्यानंतर पुन्हा ओल्या चिंध्या आणि शेवटी कोरड्या. शेवटची चिंधी फिकट राखाडी असली तरी मी तिथे थांबतो. पांढरीशुभ्र चिंधी हे माझे उद्दिष्ट नसते. सॉल्व्हंट काही ना काही सतत सोडवत असतोच, आणि त्या पांढऱ्या रंगामागे लागलेला माणूस नळी घासत राहतो.

तांबे काढण्याचे काम वेगळे आहे आणि ते बरेच कमी वेळा करावे. गोळीचे आवरण बहुधा ९५ टक्के तांबे आणि ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूचे असते. त्याचा अंश खाचांच्या उंचवट्यांवर चिकटतो. तोंडाशी उजेड धरून आत पाहिले तर स्टेनलेसच्या रुपेरी पृष्ठभागावर तांबूस पट्टे सहज दिसतात, ही या नळीची एक सोय आहे. अमोनियायुक्त सॉल्व्हंट तांबे विरघळवतो आणि चिंधी निळी होते. येथे एक फसगत टाळा: पितळी जॅग (सळईच्या टोकाचा चिंधी धरणारा तुकडा) किंवा ब्रॉन्झचा ब्रश वापरला तर सॉल्व्हंट त्यांनाही खातो, चिंधी निळी येतच राहते आणि आपण केव्हाच संपलेले तांबे शोधत बसतो. या टप्प्यावर प्लास्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश घ्या. तीव्र अमोनियाचा सॉल्व्हंट बाटलीवरच्या वेळेपेक्षा अधिक काळ नळीत ठेवू नका, रात्रभर तर मुळीच नाही. काम झाले की कोरड्या चिंध्यांनी तो पूर्ण काढा आणि मग तेलाची चिंधी फिरवा. ब्लीच किंवा क्लोरीन असलेले कोणतेही घरगुती द्रव नळीत घालू नका. क्लोराइड स्टेनलेसला पोखरतात, आणि ब्लीच अमोनियात मिसळले तर विषारी वायू तयार होतो.

मग किती वेळा? मी स्वतः काजळी सरावाच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वरच्या पद्धतीने हलकेच काढतो, आणि तांब्याला ग्रुप बिघडू लागल्याशिवाय हात लावत नाही. चेंबरच्या पुढे, जिथे काडतुसाच्या पुंगळीचे तोंड संपते, तिथे काजळीचे एक कडक कडे तयार होते, त्याकडे मात्र लक्ष ठेवतो, कारण ते वाढले की पुंगळीचे तोंड आवळले जाऊन दाब वाढू शकतो. ते सॉल्व्हंटमध्ये भिजवून, नायलॉनच्या ब्रशने आणि धीराने निघते. घासणारी पेस्ट मी फार क्वचित, चिंधीवर अगदी थोडी घेऊन, फक्त त्या जागेपुरती वापरतो. ती वापरणाऱ्याचा हात सरावलेला नसेल तर नकोच. चेंबर शेवटी पूर्ण कोरडे पुसावे, कारण तेलकट चेंबरमध्ये पुंगळीची भिंतीवरची पकड कमी होते आणि बोल्टवरचा भार वाढतो.

.२२ रिमफायर, म्हणजे पुंगळीच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या लहान काडतुसांच्या, नळीला हे सगळे लागू होत नाही. तिथे गोळी बहुधा आवरणाशिवाय शिशाची असते, वेग कमी असतो, आणि गोळीवरच्या मेणाचा थर बसल्यावरच नळी आपला खरा नेम दाखवते. तिला तांब्याचा सॉल्व्हंट लागत नाही. तिथे शिसे काढायचे असेल तर व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण करू नका, कारण त्यातून विरघळणारे, विषारी शिशाचे संयुग तयार होते. कोणत्याही सफाईत हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा.

एका परिस्थितीत मात्र मी वर सांगितलेला संयम पूर्ण बाजूला ठेवतो. काडतूस जुन्या, क्षारयुक्त प्राइमरचे असेल तर त्याच दिवशी सफाई झालीच पाहिजे. त्या प्राइमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड बनते. ते हवेतला ओलावा ओढते आणि स्टेनलेसच्या नेमक्या दुबळ्या जागी घाव घालते. तेल क्षार विरघळवत नाही, तेलाने तो फक्त झाकला जातो. आधी गरम पाण्याने भिजवलेल्या चिंध्या, मग कोरड्या चिंध्या, मग नेहमीचा सॉल्व्हंट आणि शेवटी तेल, हाच क्रम ठेवा.

साठवणीसाठी नळीत तेलाची एकच पातळ चिंधी पुरते, आणि रायफल काही काळ तोंड खाली करून ठेवली तर जादा तेल अ‍ॅक्शनकडे जात नाही. पाणी हटवणारे पातळ स्प्रे ओली रायफल वाळवायला चांगले, पण त्यांचा बराच भाग उडून जातो. लांबच्या साठवणीला गंजरोधक तेलच वापरा. पेटीत सिलिका जेल ठेवले तर ते वेळोवेळी तापवून पुन्हा कोरडे करावे लागते, नाहीतर ते नुसते पडून राहते. झाडण्यापूर्वी नळीत कोरडी चिंधी फिरवून तेल काढा आणि नळी आरपार मोकळी आहे ना ते पाहा. बोल्टच्या लग्जना, म्हणजे त्याला जागेवर अडकवणाऱ्या उंचवट्यांना, मात्र ग्रीसचा पातळ थर कायम हवा, विशेषतः अ‍ॅक्शनही स्टेनलेसची असेल तर, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे घासले की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात.

तेव्हा आपण क्रमाने असे करा: स्टील वूल बाजूला ठेवा, बोअर गाइड आणि अखंड सळई घ्या, दस्त्याखालची बाजू एकदा उघडून पुसा, पुढच्या दोन-तीन सरावांत तांब्याला हात न लावता फक्त काजळी काढा आणि प्रत्येक गोळीची नोंद ठेवा. ग्रुप आवळला तर आणखी काही करण्याची गरज नाही. कापसाचे तंतू क्राउनवर अडकले, किंवा काजळीची नक्षी एका बाजूला झुकलेली दिसली, तर रायफल परवानाधारक कारागिराकडे न्या आणि क्राउन नव्याने कापून घ्या. ते नळी बदलण्याच्या मानाने फार लहान काम आहे. ते झाल्यावर जो ग्रुप पडेल तो येथे कळवा, म्हणजे थ्रोटची झीज तपासायची की नाही हे त्यावरून ठरवता येईल.